वर्धेची ऐलथडी-पैलथडी : वऱ्हाडात आलेली माणसं आणि त्यांचे कागद

कौंडण्यपूर हे अमरावती जिल्ह्याच्या तिवसा तालुक्यातलं, वर्धा नदीच्या पश्चिम काठावरचं गाव. पुराणातली विदर्भाची राजधानी कुंडिनपूर ती हीच, अशी इथली श्रद्धा. १९६०च्या दशकात पुरातत्त्वज्ञ मोरेश्वर दीक्षित यांनी इथल्या टेकाडात उत्खनन केलं आणि सातवाहनांच्याही आधीपासून इथे वस्ती होती हे दाखवून दिलं. दर आषाढीला इथून रुक्मिणीची पालखी पंढरपूरला जाते. परंपरेनुसार ती १५९४ साली सुरू झाली. एवढं वाचकांना माहीत असतं. प्रस्तुत लेखात मला गावापेक्षा गावाखालच्या नदीबद्दल लिहायचं आहे. जवळपास दीडशे वर्षं ही नदी दोन राजवटींची, दोन जमीनपद्धतींची आणि दोन कायद्यांची सीमा होती. ती ओलांडून पोटासाठी जी माणसं वऱ्हाडात आली, त्यांचं पुढे काय झालं, हा माझा प्रश्न आहे.

मी इतिहासाचा पदवीधर नाही. माझी नोकरी जिनिंगमधल्या काट्यावर गेली. काटापट्टी लिहिताना शेतकऱ्याचं नाव, गाव आणि कापसाचं वजन लिहायचं असतं. तो कापूस ज्यांनी वेचला त्यांच्यासाठी पट्टीवर रकाना नसतो. गाडीसोबत आलेल्या मजुरांना ‘कोणाकडले?’ असं विचारायची सवय मला तिथेच लागली. पुढे एका जुन्याजाणत्या माणसाकडून मोडी शिकलो, गॅझेटियरं वाचली, खानेसुमारीचे अहवाल मिळतील तिथून मिळवले. हा लेख त्या वाचनातून आणि काट्याजवळच्या ओळखीतून आला आहे.

नदीची सीमा कशी झाली

अकबराच्या काळात वऱ्हाडचा सुभा नदीच्या दोन्ही अंगांना पसरलेला होता. आज वर्धा जिल्ह्यात असलेलं पवनार हे तेव्हा वऱ्हाड सुभ्यातल्या एका सरकारचं ठाणं होतं. पुढे निजाम आणि नागपूरकर भोसले या दोघांचा या मुलखावर एकाच वेळी अंमल बसला. त्याला दुअंमल म्हणत. एकाच गावाचा वसूल दोन धन्यांत वाटला जाई. रयतेला दोघांची तोंडं बघावी लागत, पण नदी आड येत नसे.

ती आड आली १८०३ साली. त्या वर्षी २९ नोव्हेंबरला अडगावच्या लढाईत भोसल्यांचा पराभव झाला, १५ डिसेंबरला गाविलगड पडला आणि १७ डिसेंबरला देवगावचा तह झाला. दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख सोडला. इंग्रजांनी तो निजामाला दिला. किल्ले आणि काही परगणे मधल्या काळात इकडे-तिकडे राहिले. १८२२च्या तहानं तीही बाब मिटली आणि वर्धा ही पक्की हद्द झाली. कौंडण्यपूर निजामाकडे, समोरची आर्वी भोसल्यांकडे.

या तहांच्या वेळी काठावरच्या कुठल्याही माणसानं घर सोडलं नव्हतं. तो होता तिथेच होता. आर्वीकडल्या लेकी इकडे नांदत होत्या, इकडल्या तिकडे. पण सासर आणि माहेर दोन राज्यांत गेलं. कथाकाव्यांतून विदर्भाच्या लेकी नेहमीच दूर गेल्या आहेत : रुक्मिणी द्वारकेला, दमयंती निषधाला, लोपामुद्रा अगस्त्याच्या आश्रमात. त्यांना कोणी स्थलांतरित म्हटलं नाही. १८८१पासून खानेसुमारीत जन्मठिकाण विचारू लागले तेव्हा मात्र आर्वी तालुक्यात जन्मून कौंडण्यपुरात नांदणारी बाई ‘मध्य प्रांतात जन्मलेली’ म्हणून वऱ्हाडच्या परक्यांत मोजली जाऊ लागली. माझी आजी त्यातलीच. नदीच्या पैलथडीला तिचं माहेर होतं. पावसाळ्यात डोंग्यानं आणि उन्हाळ्यात पायी उतरून ती माहेरी जाई. तिच्या लेखी परकं काही नव्हतं. जुन्या खानेसुमारीतल्या बाहेरच्यांच्या आकड्यांत अशा सुना किती आणि पोटासाठी आलेले किती, हे वेगळं केल्याशिवाय त्या आकड्यावरून निष्कर्ष काढू नये.

दोन थड्या, दोन कायदे

१८५३ साली निजामाच्या फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आलं. त्याच वर्षाच्या अखेरीस तिसरे रघूजी भोसले वारले आणि १८५४ मध्ये नागपूरचं राज्य खालसा झालं. वाचकाला वाटेल, आता दोन्ही काठांवर इंग्रजच, सीमा पुसली. तसं झालं नाही. नागपूरचा मुलूख १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला आणि त्याचा चीफ कमिशनर नागपुरात बसू लागला. वऱ्हाड मात्र कागदोपत्री निजामाचंच राहिलं आणि कारभार हैदराबादच्या रेसिडेंटाकडे गेला.

सर्वांत मोठा फरक जमिनीचा होता. वऱ्हाडात मुंबई इलाख्याच्या धर्तीवर रयतवारी आली : सर्व्हे नंबर रयतेच्या नावावर, सारा थेट सरकारात. पैलथडीला मालगुजारी. तिथे गावाचा धनी मालगुजार आणि कसणारा त्याचं कूळ. ऐलथडीला चार पैसे जमले तर सर्व्हे नंबर आपल्या नावे होऊ शकतो, ही बातमी नदीपार जायला तारायंत्राची गरज नव्हती. वणी-यवतमाळच्या बाजूला ओसाड पडलेली गावं वसवण्यासाठी सरकारनं इजाऱ्यानं दिली. आजही त्या भागात कितीतरी गावांच्या नावापुढे ‘इजारा’ हा शब्द चिकटलेला दिसतो. ही गावं वसवायला माणसं कुठून तरी यावीच लागली.

त्यात कापूस आला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेना आणि भाव चढले. लिव्हरपूलच्या बाजारात वऱ्हाडी कापसाला ‘ऊमरा’ म्हणत. तो शब्द उमरावतीवरून, म्हणजे आपल्या अमरावतीवरून आला. १८६७ मध्ये रेल्वे वर्धा ओलांडून नागपूरला पोचली. १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावची शाखालाइन उघडायला जातीनं आला. ‘वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड’ ही म्हण सर्वांना ठाऊक आहे. त्या कुऱ्हाडीचा दांडा कोणाच्या हातचा, हे म्हण सांगत नाही.

कापसाचं पीक पेरायला थोडे हात लागतात, वेचायला फार. कार्तिकात बोंडं फुटतात, शेतकरीण सीतादही करते आणि मग माघापर्यंत वेचे चालतात. एकाच वेळी सगळ्या शिवारात बोंडं फुटली की गावातल्या बाया पुरत नाहीत. पूर्वी मजुरी कापसातच मिळे, वेचलेल्यातला ठरलेला हिस्सा. भाव चढला की हिश्श्याचीही किंमत चढे. पैलथडीच्या मजुराला हंगामात नदी उतरून येण्याचं कारण हेच. काही हंगाम संपल्यावर परत गेले, काही सालदार म्हणून राहिले.

वऱ्हाडची लोकसंख्या १८६७ साली सुमारे २२ लाख होती. १८८१ मध्ये ती २६ लाख ७२ हजारांवर गेली आणि १८९१ मध्ये २८ लाख ९७ हजारांवर. पुढच्या दहा वर्षांत १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन दुष्काळ पडले आणि १९०१च्या खानेसुमारीत आकडा २७ लाख ५४ हजारांवर आला. दीड लाखाच्या आसपास माणसं कमी झाली. कापसानं ज्वारीची जागा खाल्ली होती. धान्य विकत घ्यावं लागत होतं. पीक बुडालं की मजुरी बुडे आणि त्याच वेळी धान्य महाग होई. ज्याच्याकडे ना जमीन, ना भावकी, त्याला दोन्हीकडून मार बसे. बाहेरून आलेला मजूर नेमका असाच असतो.

आलेले सगळे सारखे नव्हते

वऱ्हाडात बाहेरून आलेल्यांची यादी केली तर आजचं अर्धं वऱ्हाड तिच्यात निघेल. मारवाडातून सावकार आणि अडते आले, कच्छ-गुजरातेतून व्यापारी आले. उत्तर हिंदुस्थानातून आलेल्यांना इथे ‘परदेशी’ म्हणत. पुढे ते आडनावच झालं. मुंबई इलाख्यातून कारकून, मास्तर आणि वकील आले. बंजारे तर त्याआधीपासून बैलांच्या तांड्यांवर धान्य आणि मीठ वाहत होते. रेल्वेनं त्यांचा धंदा नेला आणि तांडे मजुरीकडे व शेतीकडे वळले.

यातलं एक नाव सार्वजनिक इतिहासात ठळक आहे. रंगनाथ नरसिंह मुधोळकर. जन्म १८५७चा, धुळ्यातला. वकिलीसाठी अमरावतीत आले आणि वऱ्हाडचे पुढारी झाले. १८९७ साली काँग्रेसचं अधिवेशन अमरावतीत भरलं, आणि १९१२च्या बांकीपूर अधिवेशनाचे तर ते अध्यक्षच होते. खानदेशातून आलेला माणूस वऱ्हाडच्या वतीनं बोलू शकला आणि वऱ्हाडनं त्याला आपलं मानलं, ही चांगलीच गोष्ट आहे. पण हे आपलं मानणं सर्वांच्या वाट्याला आलं नाही. वकिलाकडे सनद होती, सावकाराकडे खातेवही होती, अडत्याकडे पेढी होती. नदी उतरून आलेल्या वेचणारीकडे दोन हात आणि कमरेला बांधलेली ओटी. एका पिढीत मुधोळकर वऱ्हाडी झाले. सालदाराचा नातू तीन पिढ्यांनंतरही गावात ‘झाडीकडला’ म्हणून ओळखला जातो. परकेपणाला नदीपेक्षा जमीन आणि शाळा यांचा संबंध अधिक आहे, असं माझं मत या अभ्यासातून झालं आहे.

बाजाराच्या बाबतीतही हेच दिसतं. १८९७ साली वऱ्हाडात कापूस आणि धान्य बाजाराचा कायदा झाला. देशातल्या नियंत्रित बाजारांचा तो आद्य कायदा मानला जातो. वजन, दलाली, बाजाराची देखरेख यांची त्यात व्यवस्था होती. गिऱ्हाईक, अडत्या, विकणारा असे सगळे त्यात आले. वेचणारी त्यात नाही. माझ्या काटापट्टीवर तिचा रकाना नव्हता, त्याचं मूळ इतकं जुनं आहे.

निवडून येऊन नेमले जाणारे

राजकीय हक्कांची गंमत आणखी निराळी. १९०२ साली निजामानं वऱ्हाड वार्षिक २५ लाख रुपयांच्या बोलीवर इंग्रजांना कायमच्या पट्ट्यानं दिलं आणि १९०३ पासून त्याचा कारभार मध्य प्रांताला जोडला गेला. वर्धेच्या दोन्ही काठांवर एकच सरकार आलं, पण सार्वभौमत्व निजामाचंच राहिलं. वऱ्हाड कायद्यानं ब्रिटिश हिंदुस्थानात नव्हतं. १९१९च्या सुधारणांनंतर नागपूरच्या कायदेमंडळात वऱ्हाडचे प्रतिनिधी जाऊ लागले तेव्हा एक विलक्षण पद्धत पाळावी लागली : वऱ्हाडचे मतदार आपला माणूस निवडत आणि मग सरकार त्याच माणसाची ‘नेमणूक’ करत असे. परक्या राजाच्या मुलखातला माणूस थेट निवडून आला असं म्हणता येत नव्हतं. पुढे १९३६ मध्ये निजामाच्या वारसाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब मिळाला तो याच कागदी सार्वभौमत्वापोटी.

म्हणजे स्वतःच्या गावात, स्वतःच्या शेतात बसलेला वऱ्हाडी माणूससुद्धा कायद्याच्या नजरेत अर्धा परकाच होता. आणि मतदानाचा हक्क सारा, कर, मालमत्ता यांवर होता, त्यामुळे मजुराला तोही नव्हता. नदीपारहून आलेला सालदार परक्यांतला परका. त्याला मत मिळालं ते १९५१-५२च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत, प्रौढ मताधिकारानं. तेव्हा आपण मध्य प्रदेशात होतो आणि राजधानी नागपूर होती, हे आज कितीजणांच्या लक्षात आहे?

मतदारयादी मात्र ‘सर्वसाधारण रहिवास’ पाहते. हंगामी मजुराचा रहिवास सहा महिने एकीकडे आणि सहा महिने दुसरीकडे. २०२४ची विधानसभा निवडणूक २० नोव्हेंबरला झाली. ते दिवस वेचणीचे, ऊसतोडीला निघण्याचे, मजूर गावाबाहेर असण्याचे. मत आहे, पण ते ज्या गावात आहे तिथे माणूस नाही, आणि जिथे माणूस आहे तिथल्या पुढाऱ्याला त्याच्या मताची गरज नाही.

दुसरी एक नदी, दुसरा एक कापूस

जगात हे आपल्याकडेच घडलं असं नाही. अमेरिका आणि मेक्सिको यांच्यामधल्या रिओ ग्रांदे नदीची कथा वाचताना मला पदोपदी वर्धा आठवली. १८४८च्या तहानं मेक्सिकोचा जवळपास निम्मा मुलूख अमेरिकेकडे गेला. तिथल्या मेक्सिकन माणसांनीही घर सोडलं नव्हतं. हद्द त्यांच्या अंगावरून गेली. कॅलिफोर्नियात १८५१च्या कायद्यानं जुन्या जमीनधारकांना आपला हक्क नव्यानं सिद्ध करायला लावलं. दाव्यांत वर्षं आणि पैसा गेला आणि कितीतरी जमिनी हातच्या गेल्या.

पुढे दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेला शेतमजूर कमी पडले. १९४२ साली दोन्ही सरकारांत करार झाला आणि मेक्सिकोतून ठेक्यानं मजूर जाऊ लागले. त्यांना ‘ब्रासेरो’ म्हणत. स्पॅनिशमध्ये ब्रासो म्हणजे बाहू, म्हणजे हे नुसते हातच. १९६४ पर्यंत असे ४५ लाखांहून अधिक करार झाले. टेक्सासमध्ये मेक्सिकन माणसांना इतकी वाईट वागणूक होती, की मेक्सिकोच्या सरकारनं सुरुवातीची काही वर्षं तिथे मजूर पाठवायचंच नाकारलं. नंतर तिथल्या कापसाच्या शेतांत हेच मजूर राबले आणि कापूस वेचणारी यंत्रं आल्यावर त्यांची गरज संपली. सुरुवातीच्या वर्षांत त्यांच्या पगारातून १० टक्के रक्कम बचत म्हणून कापून मेक्सिकोतल्या बँकांकडे पाठवली जाई. अनेकांना ती मिळालीच नाही. या शतकाच्या आरंभी म्हातारे झालेले मजूर ती मागायला उभे राहिले, तेव्हा त्यांना पहिला प्रश्न आला : करारनाम्याचा कागद आहे का?

अमेरिकेच्या १९३५च्या कामगार-संघटना कायद्यातून शेतमजूर वगळलेले होते. ती उणीव १९६५च्या कॅलिफोर्नियातल्या द्राक्षमळ्यांच्या संपानं जगापुढे आणली. त्या संपाचे एक पुढारी सीझर चावेझ यांनी १९६८ मध्ये २५ दिवसांचा उपवास केला. गांधीजी हा त्यांचा आदर्श होता. ज्या सेवाग्रामात गांधीजी १९३६ पासून राहिले ते वर्धेच्या आमच्या पैलथडीलाच आहे. उपवासाची कल्पना इथून तिकडे जाऊन शेतमजुरांच्या कामी आली. इथल्या वेचणारीसाठी तसा लढा मात्र उभा राहिला नाही.

भेद सांगायलाच हवा. तिथे देश बदलतो, भाषा बदलते, हद्दपारीची भीती असते. आपल्या मजुराला कोणी देशाबाहेर घालवत नाही. पण सीमा ओलांडली की हक्क मागे राहतात, ही गोष्ट आपल्याकडेही खरी आहे, आणि त्यासाठी देशाची सीमा लागत नाही. तालुक्याची पुरते.

मेळघाटची वेस

हे विधान वाचकाला अतिशयोक्त वाटेल म्हणून सविस्तर सांगतो. संविधानाखालच्या अनुसूचित जमातींच्या १९५०च्या यादीत आपल्या भागातल्या बऱ्याच जमातींना क्षेत्राचं बंधन होतं. अमरावती जिल्ह्यात फक्त मेळघाट तालुका, यवतमाळ जिल्ह्यात केळापूर, वणी आणि यवतमाळ हे तालुके, चांदा जिल्ह्यात गडचिरोली आणि सिरोंचा. मेळघाटातला कोरकू डोंगरावर असेपर्यंत अनुसूचित जमातीचा. तोच माणूस पोटासाठी घाट उतरून परतवाड्याला आला, अचलपूर तालुक्यात घर केलं, की यादीच्या हिशेबानं त्याची जमात सुटली. बोली तीच, देव तेच, होळीला परत जायचं गाव तेच. घाट उतरायला अर्धा दिवस पुरे. तेवढ्यात शिष्यवृत्ती गेली, राखीव जागा गेली, जमिनीचं संरक्षण गेलं.

ही अट १९७६च्या दुरुस्ती कायद्यानं निघाली. मधली पंचवीसेक वर्षं, म्हणजे एक अख्खी पिढी, या वेशीवर अडली. त्या वर्षांत घाट उतरलेल्या घरांत ज्या पोरांनी शाळा सोडली, त्यांची गणती कोणी ठेवलेली नाही.

राज्याची सीमा ओलांडणाऱ्यांचा प्रश्न तर आजही आहे. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेलेल्या अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला नव्या राज्यात तिथल्या सवलती मिळत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयानं १९९० साली मर्री चंद्रशेखर राव खटल्यात स्पष्ट केलं. कोरकू समाज सातपुड्याच्या दोन्ही उतारांवर आहे : मेळघाटात आणि मध्य प्रदेशातल्या बैतूल जिल्ह्यातही. सोयरीक दोन्हीकडे. १९५६ पर्यंत दोन्ही मुलूख एकाच राज्यात होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली आणि डोंगराच्या मधून रेघ गेली. बंजाऱ्यांचंही तेच : तेलंगणात ते अनुसूचित जमात आहेत, महाराष्ट्रात विमुक्त जातींत. पैनगंगेच्या एका काठावरच्या तांड्याला जे आहे ते दुसऱ्या काठावरच्या तांड्याला नाही.

मजुरांच्या कायद्यातही हीच रेघ आहे. १९७९चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा ठेकेदारामार्फत राज्याची सीमा ओलांडणाऱ्यांसाठी होता. धारणीहून अकोटला आलेला मजूर त्यात बसत नव्हता, कारण राज्य एकच. बैतूलहून आपापला आलेलाही बसत नव्हता, कारण ठेकेदार नाही. पुढे तो कायदा २०२०च्या संहितेत सामावला गेला. आपल्या राज्यानं रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये केला, आणि गावाजवळ काम मिळालं तर माणूस गाव सोडत नाही हे त्यानं दाखवूनही दिलं. पण दिवाळीनंतर मेळघाटातून खाली येणारे मजुरांचे जथे थांबलेले नाहीत. सोयाबीन, तूर, हरभरा, संत्र्याचे बगीचे. एकेका कामामागे ते फिरतात. शिधापत्रिका आता देशात कुठेही चालते असा नियम आहे. शाळेचं तसं नाही. आईबाप हरभऱ्यावर असतील तर पोरगं धुऱ्यावर असतं.

कागद कुठे आहेत

जातीच्या दाखल्यासाठी आज महाराष्ट्रात मानीव दिनांक लागतो : अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७. त्या तारखेला आपला पूर्वज इथे राहत होता याचा पुरावा द्यावा लागतो. ज्याचं शेत आहे त्याच्याकडे १९५४-५५चा अधिकार अभिलेख निघतो. ज्याचा आजोबा शाळेत गेला त्याला दाखल-खारीज रजिस्टर सापडतं. सालदाराचा नातू कुठे जाणार?

माझ्या ओळखीतल्या एका घरात हे घडलं. मुलगी हुशार, बारावीला चांगले गुण. पणजोबा पैलथडीहून सालदार म्हणून आले होते. शेत नाही, शाळा नाही. एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात फिरण्यात प्रवेशाची मुदत संपली. त्या वर्षी ती वेचणीला गेली. पुढच्या उन्हाळ्यात तिचे वडील माझ्याकडे आले, मोडी वाचता येते का म्हणून विचारायला. जुन्या कोतवाल बुकाची नक्कल त्यांच्या हाती होती. कोतवाल बुक म्हणजे गावातल्या जन्ममृत्यूंची नोंद. कोतवाल सांगे आणि ती लिहिली जाई. त्यात आजोबांच्या जन्माची नोंद निघाली. पण आजोबा जन्मले ते आई वेचणीवर असताना, तिसऱ्याच गावात, म्हणून इतकी वर्षं ती सापडत नव्हती. बापाचं नाव, जात, आणि धंद्याच्या जागी एकच शब्द : मजूर. त्या एका ओळीवर मुलीचं पुढचं शिक्षण उभं राहिलं.

तेव्हापासून मी कोतवाल बुकं वेगळ्या नजरेनं वाचतो. गॅझेटियर साहेबानं लिहिलं, बाजाराचा कायदा व्यापाऱ्यांसाठी झाला, सर्व्हेचे कागद धारकांचे आहेत. वेचणारीच्या घरातलं बाळ जिथे नावानिशी उतरतं, असा कागद वऱ्हाडात बहुधा हा एकच. आपल्याकडे कापसाचा इतिहास भावांचा आणि गाठींचा लिहिला गेला. तो हातांचा लिहायचा असेल तर सुरुवात इथूनच करावी लागेल. आणि ज्यांचे ते हात, त्यांच्या नातवंडांचा आजचा हक्कही याच पानांत आहे.

ही पानं आता फार दिवसांची नाहीत. कागद ठिसूळ झाला आहे, घडीवर अक्षरं गेली आहेत, काही बुकं वाळवीनं संपवली आहेत. मोडी वाचणारे कमी होत चालले आहेत. गावच्या सरपंचांना, शाळेतल्या गुरुजींना आणि या अंकाच्या वाचकांना माझी विनंती एवढीच आहे की आपल्या भागातली जुनी बुकं कुठे ठेवली आहेत ते विचारा, परवानगी काढून त्यांची छायाचित्रं घ्या, आणि घेताना गावापुरतं पाहू नका. नदीच्या दोन्ही थड्यांची बुकं शेजारी ठेवून वाचली तरच एका गावातून गेलेलं माणूस दुसऱ्या गावात सापडतं. कौंडण्यपूर आणि समोरच्या काठावरची गावं यांपासून मी हे काम सुरू केलं आहे. आतापर्यंत अकरा घरांचे दुवे जुळले. त्यांतली सात घरं पैलथडीहून आलेली आहेत, चार इथून तिकडे गेलेली.